शरणपूरचे प्रस्थान: झांझिबार की मोंबासा

नाशिक शहरातील शरणपूर रोड हा नाशिककरांच्या इतक्या नित्य परिचयाचा आहे, की ते नाव ज्या वस्तीवरून पडले ती वस्ती कोणी आणि कोणासाठी वसविली, हा प्रश्न त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाच्या मनात सहसा येत नाही. शरण आलेल्यांचे पूर ते शरणपूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडातील धर्मसंस्थेच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने, धर्मांतरामुळे घरादारास मुकलेल्या एतद्देशीय कुटुंबांना व अनाथ मुलांना निवारा मिळावा म्हणून ही वसाहत घातली. आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गलबतांत कोंबून नेली जात असता इंग्रजी युद्धनौकांनी भर समुद्रात सोडविलेली मुले व मुली पुढे त्याच वसाहतीत आणून ठेवण्यात आली. ती येथे वाढली, अक्षरे शिकली, हाताचे धंदे शिकली, आणि १८७४ च्या सुमारास त्यांतील पुष्कळ जण नाशिक सोडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका नगरात कायमचे राहावयास गेले.

परदेशगमन करणाऱ्याला प्रथम देश निवडावा लागतो. देश ठरल्यानंतर त्या देशातील कोणत्या नगरात बिऱ्हाड मांडावे, हा विचार दिसावयास लहान, परंतु परिणामी अधिक दूरगामी असतो. कारण देश हा नकाशावर असतो, आणि माणूस राहतो तो गल्लीत, बाजारात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत. आज नाशिकच्या अनेक घरांतून टोरांटो की व्हँकूवर, म्युनिक की बर्लिन, सिडनी की मेलबर्न, अशी चर्चा रात्रीच्या जेवणानंतर चालते, आणि घरभाडे, पगार, थंडी, ओळखीची माणसे यांची वजाबाकी-बेरीज कागदावर मांडली जाते. त्या चर्चेला उपयोगी पडावा असा जुना दाखला शोधताना मला दूर जावे लागले नाही. तो याच गावात सापडला, आणि दीडशे वर्षांपूर्वीचा असल्यामुळे निवडीचे परिणामही आपल्याला शेवटपर्यंत पाहता येतात. निवडावयाची दोन नगरे होती: झांझिबार आणि मोंबासा.

प्रथम ही मुले नाशिकला पोहोचली कशी ते पाहू. ज्या नैऋत्य मोसमी वाऱ्यावर नाशिकचा पाऊस अवलंबून आहे, त्याच वाऱ्याने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची गलबते उन्हाळ्याच्या अखेरीस अरबस्तान, कच्छ व कोकण यांच्याकडे येत, आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्याने ती परत जात. या दुहेरी वाऱ्यावर हस्तिदंत, लवंग, खजूर, कापड यांचा व्यापार शतकानुशतके चालला, आणि त्याच वाऱ्यावर माणसांचाही चालला. न्यासा सरोवराच्या आसपासच्या खेड्यांतून धरलेली माणसे किल्व्याच्या बंदरात, तेथून झांझिबारच्या गुलामबाजारात, आणि तेथून ओमान व इराणी आखाताकडे जात. इंग्रजी आरमार ही गलबते अडवी, माणसे सोडवी, आणि मग या माणसांचे करावयाचे काय हा प्रश्न उभा राही. कारण त्यांना जेथून धरले त्या गावी पोहोचविणे अशक्य, आणि जवळच्या किनाऱ्यावर उतरविणे म्हणजे पुन्हा त्याच व्यापाऱ्यांच्या हाती देणे. म्हणून एडन, सेशेल्स, मॉरिशस आणि मुंबई या इंग्रजी अंमलातील बंदरांत त्यांना आणीत. मुंबईत अशा मुलांची जबाबदारी सरकारने काही अंशी मिशनऱ्यांकडे सोपविली, आणि त्यांच्यामार्फत ती शरणपुरात पोहोचली. या मिशनऱ्यांत कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग हा जर्मन पाद्री होता, ज्याने त्यापूर्वी इथिओपियात योहान क्राफ याच्याबरोबर काम केले होते. आणि हा क्राफच पुढे १८४४ मध्ये मोंबासास जाऊन राहिला होता. तेव्हा नाशिक आणि मोंबासा यांना जोडणारा पहिला धागा हा दोन सहकाऱ्यांच्या जुन्या स्नेहाचा आहे, हे येथेच ध्यानात ठेवावे. नगराच्या निवडीत अशा धाग्यांचे वजन फार असते.

शरणपुरात मुलांना सुतारकाम, लोहारकाम, शेती आणि लिहिणे-वाचणे शिकवीत. इंग्रजी व हिंदुस्थानी त्यांना येई; मराठी मुलखात वाढल्यामुळे मराठीही कानांवर पडतच असली पाहिजे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना मिळालेली नावे इंग्रजी असत, आणि त्या नावांतून नाशिकच्या मिशनचा इतिहासच डोकावतो: एकाचे नाव केअरस फरार, आणि फरार हे नाशिकच्या अगदी आरंभीच्या मिशनऱ्याचे आडनाव, दुसऱ्याचे सायमन प्राइस, ज्याचा खुलासा करण्याचे कारण नाही. इंग्रजी दफ्तरांत व प्रवासवर्णनांत या सर्वांना ‘नासिक बॉइज’ असे म्हटलेले आढळते. मग ते पंचवीस वर्षांचे बाप्ये का असेनात.

आता कोणी म्हणेल, की ही मंडळी आफ्रिकेची, ती आफ्रिकेत गेली, तर याला परदेशगमन का म्हणावे. हा तर स्वदेशी परतण्याचा प्रकार झाला. मी हा शब्द जाणूनबुजून योजिला आहे, आणि त्याला आधार आहे. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा आफ्रिकेचा शोधप्रवासी मुंबईस आला आणि आपल्या अखेरच्या प्रवासासाठी त्याने नाशिकच्या या तरुणांतून नऊ जण निवडले. मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर याच्या शिफारशीसह ही मंडळी १८६६ च्या जानेवारीत झांझिबारला उतरली, व पुढे रोव्हुमा नदीच्या मुखाजवळून आत शिरली. त्याच वर्षी, न्यासा सरोवराकडे जाताना, मताका नावाच्या याओ राजाच्या गावी या नऊ जणांतील अब्राहम याला त्याच्या चुलत्याने ओळखले. चुलत्याने राहण्याचा आग्रह केला, लिव्हिंग्स्टननेही केला. अब्राहम राहिला नाही. त्याला धरून नेल्यानंतर त्याची आई आणि बहिणीही विकल्या गेल्या होत्या. जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे राहून काय करू, अशा आशयाचे त्याचे उत्तर लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. जन्मभूमी पायाखाली असताना, रक्ताचा माणूस हात धरून बस म्हणत असताना, तो माणूस पुढे चालू लागला. यावरून मला असे वाटते, की शरणपुरातून निघालेल्यांना आफ्रिका हा नवा देश होता, आणि त्यात आपली जागा कोठे हे त्यांना कोऱ्या पाटीवर लिहावयाचे होते.

हा प्रश्न १८७३ मध्ये निकडीचा झाला. गव्हर्नरपदावरून निवृत्त झालेल्या फ्रीअरला ब्रिटिश सरकारने झांझिबारच्या सुलतानाकडे वकील म्हणून पाठविले; सुलतान बर्घाश याने प्रथम नकार दिला, परंतु कॉन्सल जॉन कर्क याने ५ जून १८७३ रोजी तहावर त्याची सही मिळविली, समुद्रमार्गे गुलामांची ने-आण बेकायदा ठरली आणि झांझिबारचा बाजार बंद झाला. आता गलबते अधिक पकडली जाणार, सोडविलेली माणसे शेकड्यांनी येणार, आणि त्यांना दूर मुंबईस नेण्याऐवजी किनाऱ्यावरच वसवावे, असे ठरले. अशी वसाहत चालविण्यास सुतार, लोहार, शिक्षक, दुभाषी हवे होते. आणि हे सारे ज्यांना येते, वर ज्यांनी स्वतः बेडीचा अनुभव घेतला आहे, अशी माणसे तयार होती ती नाशिकला. तेव्हा वसाहत कोठे घालावयाची, याचाच अर्थ शरणपूरची मंडळी कोठे जावयाची असा होता.

झांझिबारचा पक्ष वरवर पाहता इतका बळकट होता, की त्यावर चर्चा ती काय करावयाची असे वाटावे. ओमानच्या सय्यद सईदने १८४० च्या सुमारास मस्कत सोडून आपली राजधानी या बेटावर आणली, लवंगेच्या बागा लावविल्या, आणि पाहता पाहता पूर्व किनाऱ्यावरील सर्वांत मोठी पेठ तेथे उभी राहिली. इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका यांचे कॉन्सल तेथे होते. १८७२ च्या अखेरीस ब्रिटिश इंडिया कंपनीची टपालाची आगबोट एडनहून झांझिबारला जाऊ लागली, म्हणजे पत्र, पैसा व माणूस नियमाने पोहोचण्याची सोय झाली. आणि हिंदुस्थानातून जाणाऱ्याला सर्वांत मोठा दिलासा म्हणजे तेथे हिंदुस्थानी भाषा चालत असे. कच्छी भाटिये, खोजे, बोहरी यांच्या पेढ्या तेथे होत्या, सुलतानाच्या जकातीचा मक्ताच मुळी कित्येक दशके जयराम शिवजी या भाटिया घराण्याकडे होता. याच नगरात सिदी मुबारक बाँबे राहत असे: बालपणी गुलाम म्हणून गुजरातेत विकला गेलेला, मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन परतलेला, आणि रिचर्ड बर्टन, जॉन स्पीक, हेन्री स्टॅन्ली यांच्या मोहिमांचा मार्गदर्शक म्हणून नावाजलेला. बर्टन व स्पीक यांच्याशी त्याचा संवाद चालला तो हिंदुस्थानीतून. हिंदुस्थानातून परतलेला आफ्रिकी माणूस झांझिबारात केवढा मोठा होऊ शकतो, याचा हा चालताबोलता पुरावा होता.

तरीही या चित्राकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, आणि माझ्या मते नगर निवडणाऱ्या प्रत्येकाने नेमके असेच थांबून पाहिले पाहिजे. सुतारकाम शिकलेला, इंग्रजी वाचणारा, हिंदुस्थानी बोलणारा शरणपूरचा तरुण झांझिबारच्या धक्क्यावर उतरला असता, तर त्या नगरात त्याच्यासाठी कोणती जागा रिकामी होती? जमीन म्हणावी, तर बेटावरची कसदार जमीन अरब जमीनदारांच्या लवंगबागांखाली गेलेली, आणि त्या बागा गुलामांच्या श्रमावर चाललेल्या. व्यापार म्हणावा, तर तो पिढीजात पेढ्यांच्या हातांत. त्याची हिंदुस्थानी भाषा त्याला ज्या दारात घेऊन जाणार ते दार व्यापाऱ्याच्या वखारीचे, आणि तेथे तो दुभाषी, कारकून किंवा घरगडी. यापेक्षा कठोर गोष्ट अशी, की त्या पेढ्यांपैकी कित्येकांचे पैसे गुलामांच्या व्यवहारात गुंतलेले होते. १८६० च्या सुमारास कॉन्सल रिग्बी याने ब्रिटिश रयत असलेल्या हिंदी लोकांच्या ताब्यातील हजारो गुलाम मुक्त करविले, त्यावरून या व्यवहाराचा विस्तार समजून येतो. नगर भरभराटीचे असते तेव्हा त्यातील बहुतेक जागा आधीच भरलेल्या असतात, आणि नवागताला मिळते ती पायरी शेवटची. झांझिबारात ती शेवटची पायरी म्हणजे ज्या स्थितीतून तो सुटून आला तिच्या अगदी शेजारची होती.

निसर्गानेही त्या काळी या बेटावर दोन आघात केले होते. १८६९-७० च्या पटकीच्या साथीत तेथे हजारो माणसे मेली. आणि १५ एप्रिल १८७२ रोजी, जेथे चक्रीवादळ सहसा येत नाही अशा त्या बेटावर ते आले, आणि लवंगेची व नारळाची बहुतेक झाडे व सुलतानाची जहाजे उद्ध्वस्त करून गेले. लवंगेच्या नव्या झाडाला चांगले पीक येण्यास कित्येक वर्षे लागतात, तेव्हा बेटाच्या वैभवाला मुळातच तडा गेला होता. शिवाय तेथे दुसऱ्या एका इंग्रजी मिशनने आधीच आपले ठाणे घातले होते. युनिव्हर्सिटीज मिशनने म्बवेनी येथे जागा घेऊन मुक्त गुलामांची वस्ती आरंभिली, आणि बंद पडलेल्या गुलामबाजाराच्या जागेवर १८७३ च्या नाताळात आपल्या मोठ्या प्रार्थनामंदिराची कोनशिला बसविली. एका गावात दोन मिशनांनी एकच काम करणे, हे दोघांनाही गैरसोयीचे होते.

मोंबासा झांझिबारच्या उत्तरेस सुमारे २४० किलोमीटरवर. तेही बेटच, परंतु मुख्य भूमीला इतके बिलगलेले की दोहोंमध्ये केवळ खाडीची अरुंद धार. तेथील जीझस किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधावयास घेतला, आणि त्याचा आराखडा करणारा इटालियन वास्तुतज्ज्ञ काइराती हा गोव्याच्या पोर्तुगीज हुकूमतीचा मुख्य स्थपती होता. १६९८ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर तो ओमानी अरबांनी घेतला, पुढे मझरुई घराण्याने तेथे स्वतंत्रपणे राज्य केले, आणि १८३७ मध्ये सय्यद सईदने त्यांचा पाडाव केला. सारांश, झांझिबारच्या मानाने हे जुने, मानी आणि त्या वेळी उतरत्या कळेचे गाव होते. कॉन्सल नाही, नियमाची आगबोट नाही, मोठी पेठ नाही. सुलतानाचा लिवाली, म्हणजे आपल्या भाषेत सुभेदार, कारभार पाही, आणि त्याची सत्ता किल्ल्याच्या तोफेच्या टप्प्याबाहेर कितपत चाले हा प्रश्नच होता.

परंतु खाडी ओलांडून पलीकडे गेले, की किसाउनीकडची मुख्य भूमी लागे. तेथे आंब्या-नारळाची, कसण्याजोगी आणि विकत मिळण्याजोगी जमीन होती. याच बाजूला १८२४ ते १८२६ या अल्प काळात, कॅप्टन ओवेनने मझरुईंच्या विनंतीवरून मोंबासावर इंग्रजी निशाण चढविले असता, काही मुक्त गुलामांना वसविण्याचा प्रयोग झालेला होता. तो मोडला, पण तेथील एका टोकाला ‘इंग्लिश पॉइंट’ हे नाव ठेवून गेला. आणि आत, डोंगराच्या कडेवर, रबाई येथे क्राफ व त्याचा सहकारी रेबमान यांनी १८४६ पासून मिशनचे ठाणे जिवंत ठेवले होते. १८६४ मध्ये याच रेबमानच्या मदतीला हिंदुस्थानातून विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे गेले होते. इझेनबर्ग-क्राफ यांच्या स्नेहाचा तो धागा येथे कामास आला. म्हणजे मोंबासाला पेढी नव्हती, आगबोट नव्हती, पण शरणपूरचा माणूस होता. कोणत्या विहिरीचे पाणी प्यावे, कोणत्या महिन्यात ताप येतो, लिवालीच्या कचेरीत कोणाशी बोलावे, हे हिंदुस्थानीत समजावून सांगू शकेल असा आपला माणूस. परदेशी गेलेल्या कोणालाही विचारा, पहिल्या सहा महिन्यांत याची किंमत किती ते तो सांगेल.

फ्रीअरने आपल्या दौऱ्यात मोंबासा पाहिले होते आणि त्याचा कौल त्याच बाजूला पडला. १८७४ च्या नोव्हेंबरात प्राइस, तोच शरणपूरचा संस्थापक, मोंबासास उतरला, खाडीपलीकडील जमीन खरेदीखत करून घेतली, आणि वसाहतीला फ्रीअरच्या सन्मानार्थ फ्रीअरटाउन असे नाव दिले. पश्चिम आफ्रिकेत फ्रीटाउन, लिब्रेव्हिल अशी मुक्तांची नगरे त्यापूर्वी वसली होती. पूर्व किनाऱ्यावरचे हे त्याच जातीचे नगर. शरणपूरहून आलेली मंडळी दीडशेच्या घरात होती. थळ घाटातून मुंबईपर्यंत लोहमार्ग तोवर झालेला होता. ज्या मुलांना बोटीतून उतरवून घाट चढवून आणले होते, ती आता संसार घेऊन घाट उतरली. १८७५ च्या सप्टेंबरात युद्धनौकेने सोडविलेल्या माणसांच्या पहिल्या तुकड्या, एकंदर दोनशेहून अधिक, फ्रीअरटाउनला उतरल्या, आणि त्यांना उतरवून घेण्यास उभे होते ते नाशिकचे सुतार, लोहार आणि पंतोजी.

हा प्रसंग मी अनेकदा मनाशी उभा करून पाहिला आहे. झांझिबारात जो नवागत ठरला असता, तो येथे यजमान झाला. घरे त्याने बांधली, शाळा त्याने चालविली, वाटा त्याने पाडल्या. झांझिबारचे वैभव एका पारड्यात आणि ही एक गोष्ट दुसऱ्या पारड्यात घातली, तरी माझ्या मते मोंबासाचे पारडे जड होते. विकसित नगरात उत्पन्न अधिक, सोयी अधिक, धोका कमी. वसू घातलेल्या नगरात या तिन्ही बाबतींत तोटा, पण तेथील पहिल्या पानांवर आपले नाव लिहिले जाते. वय तरुण असेल, हाताला धंदा असेल आणि बरोबर चार आपली माणसे असतील, तर दुसरी निवड करावी, असे मी कोणालाही सांगेन. वृद्ध मातापिता आणि लहान मुले बरोबर असतील, तर मात्र मी इतक्या निश्चयाने बोलणार नाही.

कारण या निवडीची किंमतही मोठी होती, आणि ती कोणी भरली हे सांगितल्याविना हा दाखला प्रामाणिक ठरणार नाही. पहिली अडचण भाषेची. किनाऱ्याची स्वाहिली भाषा शरणपूरच्या मंडळींना नीट येत नव्हती. इंग्रजी वळणाचा पोशाख, इंग्रजी नाव आणि हिंदुस्थानी बोली यांमुळे स्थानिक लोकांना ती परकी वाटत. गोरे मिशनरी त्यांना आफ्रिकी समजत, आफ्रिकी त्यांना मुंबईकर समजत. ‘बाँबे आफ्रिकन’ हे जे नाव त्यांना पडले त्यात ही दोन्ही दूरत्वे एकत्र बांधलेली आहेत. वेतनाच्या बाबतीत गोऱ्या सहकाऱ्यांशी त्यांची तुलनाच होऊ शकत नसे, आणि तक्रार केली की ती कृतघ्नता ठरे. एका अधीक्षकाच्या कारकिर्दीत वसाहतीत फटके मारण्यापर्यंत मजल गेली, आणि १८८१ मध्ये प्राइसला पुन्हा येऊन विस्कटलेली घडी बसवावी लागली. माझी या बाबतीत ठाम भावना आहे, की जे लोक एका नगराचे पायाचे दगड झाले, त्यांना त्याच्या कारभारात बरोबरीची जागा न देणे हा अन्याय होता. आणि नगर निवडताना, तेथे मला घर बांधू देतील काय याच्याइतकाच, त्या घराविषयीच्या निर्णयात मला बोलू देतील काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. शरणपूरच्या मंडळींना तो विचारण्याची मुभाच नव्हती. निवड लंडनच्या कमिटीने व निवृत्त गव्हर्नरांनी केली, आणि प्रवास त्यांनी केला.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. फ्रीअरटाउन व रबाई येथे मुक्ती मिळते ही वार्ता पसरताच आसपासच्या बागांतील गुलाम मालकांना सोडून तेथे पळून येऊ लागले. कायद्याने पाहता तहाने बंदी आली होती ती समुद्रमार्गावरील व्यापाराला. किनाऱ्यावर गुलाम बाळगणे तेव्हाही वैध होते, आणि मोंबासाच्या मालकांनी आपली ‘मालमत्ता’ परत मागितली, शस्त्रे परजली, हल्ल्याच्या अफवा उठविल्या. कॉन्सल दूर, युद्धनौका कधी असे, कधी नसे. झांझिबारात राहिले असते तर हे संकट या रूपात आले नसते. या काळात पळून आलेल्यांना परत लोटण्याचे हुकूम वरून येत, आणि शरणपूरच्या काही मंडळींनी, स्वतःच्या पूर्वायुष्याची आठवण जागी असल्यामुळे, त्यांना आसरा दिला; रबाईची वस्ती याच माणसांनी भरत गेली आणि फ्रीअरटाउनहून मोठी झाली. अखेर १८८८ मध्ये इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा अंमल किनाऱ्यावर आला, तिचा मुख्य अधिकारी जॉर्ज मॅकेन्झी याने मालकांना मोबदला देऊन हा कज्जा मिटविला, आणि चौदाशेच्या सुमारास पळपुट्या गुलामांना मुक्तीचे दाखले मिळाले.

व्यक्तींची नशिबे पाहू लागलो, तर एकाच नगराने एकाला धरून ठेवले आणि दुसऱ्याला बाहेर लोटले असे दिसते. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने जोन्स व सेम्लर या दोघांना दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा वाचलेल्या माणसांना शेकडो मैल चालवून किनाऱ्यापर्यंत आणले ते विल्यम जोन्सने. याच्या उलट गोष्ट जेकब वेनराइटची. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर चितांबोच्या गावी झाडाच्या बुंध्यावर लेख कोरणारा, अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा, शवाबरोबर नऊ महिन्यांची वाटचाल करून किनाऱ्यास येणारा आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटिकेला खांदा देणाऱ्यांत उभा असलेला हा नाशिकचा विद्यार्थी फ्रीअरटाउनात शिक्षक झाला, पण तेथे रमला नाही. आतल्या मुलखात भटकत राहिला, आणि १८९२ मध्ये उरांबो येथे मरण पावला. लंडन पाहून आलेल्या माणसाला वसाहतीतील दुय्यम जागा सोसली नसावी, असा माझा तर्क आहे.

पुढचा इतिहास मोंबासाच्या बाजूने वळला, आणि तो इतका वळेल हे १८७४ मध्ये कोणालाच दिसणे शक्य नव्हते. १८९६ मध्ये मोंबासाहून युगांडाकडे जाणाऱ्या लोहमार्गाचे काम सुरू झाले, हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर त्यासाठी गेले, आणि १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवरास टेकले. किलिंदिनीचे खोल बंदर, ज्याकडे गलबतांच्या काळात फारसे कोणी पाहिले नव्हते, ते आगबोटींच्या काळात सबंध प्रदेशाचे महाद्वार झाले. इंग्रजी वाचणाऱ्या व हातात कसब असलेल्या शरणपूरच्या वंशजांना कंपनीत, कचेऱ्यांत, रेल्वेत कामे मिळाली. झांझिबार १८९० मध्ये ब्रिटिश संरक्षणाखाली गेले, आणि १९६४ च्या क्रांतीत त्या बेटावर अरबांचा भयंकर संहार झाला व हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या उठल्या. ज्या पेढ्यांच्या आधाराने झांझिबार सुरक्षित वाटत होते, त्याच पेढ्या तेथे उरल्या नाहीत. तथापि यावरून निवड करणाऱ्यांच्या दूरदृष्टीची स्तुती करणे मला रास्त वाटत नाही. त्यांनी रेल्वेचा विचार केला नव्हता, त्यांनी जमीन, पूर्वी गेलेली माणसे आणि रिकामी जागा यांचा विचार केला होता, आणि तेवढा त्या घटकेस पुरेसा होता.

फ्रीअरटाउनात एक घंटा होती. गुलामांचे व्यापारी येत असल्याची वर्दी देण्यासाठी ती वाजवीत, असे तेथील लोक सांगतात. वसाहत शहराच्या पोटात विरून गेली, परंतु घंटेचा मनोरा रस्त्याच्या कडेला उभा आहे, आणि त्या भागाला मोंबासाचे लोक केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. याओ मुलखात चेंग्विंबे या नावाने जन्मलेला, बालपणी विकला गेलेला, नाशिकला मॅथ्यू वेलिंग्टन झालेला आणि लिव्हिंग्स्टनचे शव वाहून आणणाऱ्यांत असलेला एक माणूस याच नगरात सुलतानाचा अंमल, कंपनीचा अंमल आणि इंग्रज सरकारचा अंमल असे तिन्ही अंमल पाहत साठएक वर्षे राहिला, आणि १९३५ मध्ये मोंबासातच वारला.